मंदी ओसरली, तरी सरकारी भरतीला तीन वर्षे का लागली?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. करोनाच्या वर्षात महाराष्ट्राची अर्थव्यवस्था आक्रसली, पण पुढच्याच वर्षी बाजार, कारखाने आणि बांधकामे सुरू होऊन कराचे उत्पन्न सावरले. असे असताना सरकारी पदभरतीच्या मोठ्या जाहिराती यायला २०२२ ची अखेर आणि २०२३ का उजाडावे लागले? आणि ७५ हजार पदे भरली असे सांगितले जाते, तर राज्यात तितका रोजगार वाढला असे मानावे का? जाता जाता आपण छत्तीस वर्षांच्या पुतण्याबद्दलही विचारले आहे. माझी एकतीस वर्षांची नोकरी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या पाहणाऱ्या शाखेत गेली. शेवटची काही वर्षे एका जिल्हास्तरीय कार्यालयात भरतीच्या फाइली माझ्याच टेबलावरून जात असत, म्हणून हे उत्तर त्या टेबलावरून दिसलेल्या गोष्टींच्या आधारे देतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते छोटे आहे: नाही, तितका रोजगार वाढलेला नाही. त्याचा हिशेब पुढे मांडतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांब आहे, आणि ‘सरकारची इच्छा नव्हती’ एवढ्या एका वाक्यात ते संपत नाही.

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरले. राज्याच्या तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः वस्तू व सेवा कर, इंधन व मद्यावरील कर आणि मुद्रांक शुल्क यांतून, आणि त्या तीन महिन्यांत हे सगळेच नळ जवळपास बंद होते. मार्च २०२० चा पगारही दोन टप्प्यांत झाला होता, हे आमच्या पिढीतल्या कर्मचाऱ्यांना आठवत असेल. गट अ व ब, म्हणजे अधिकारी, यांना पहिल्या टप्प्यात ५० टक्के, गट क ला (लिपिक, तलाठी वगैरे) ७५ टक्के आणि गट ड ला (शिपाई वगैरे) पूर्ण. त्यानंतर ४ मे २०२० रोजी वित्त विभागाचा शासन निर्णय आला. योजनांवरील खर्च अर्थसंकल्पीय तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित झाला आणि सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता कोणत्याही विभागाने नवी पदभरती करू नये असे स्पष्ट आदेश निघाले.

मंदीत सरकारने पहिला घाव भरतीवर का घालावा, हे समजून घेण्यासारखे आहे. राज्याच्या महसुलातला मोठा हिस्सा वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज यांत जातो. वित्त विभागाच्या भाषेत हा वचनबद्ध खर्च आहे आणि त्याला हात लावता येत नाही. कामावर असलेल्या माणसाचा पगार कापला तर संघटना उभी राहते, निवृत्ताचे वेतन थांबवले तर प्रकरण न्यायालयात जाते. पण जो अजून नोकरीत आलेलाच नाही, त्याची ना सेवापुस्तिका असते ना संघटना. त्यामुळे भरती थांबवणे हा बचतीचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या मदतीने केंद्राला जेवढे कर्ज उभारता येते तेवढे राज्याला येत नाही, कारण राज्याची कर्जमर्यादा केंद्र ठरवते. ती २०२०-२१ साठी सकल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत वाढवली गेली, पण वाढीव कर्जाच्या मोठ्या भागाला अटी जोडलेल्या होत्या. खासगी नोकऱ्या जात असताना सरकारने माणसे घ्यावीत असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी राज्ये माणसे घेणे थांबवतात. हे केवळ आपल्याकडे घडते असेही नाही. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत खासगी क्षेत्रातील नोकऱ्या २०१० पासून वाढू लागल्या, पण तिथल्या राज्य व स्थानिक सरकारांतील नोकऱ्या त्यानंतरही दोन-तीन वर्षे घटतच होत्या, कारण त्या सरकारांनाही जमाखर्चाचा मेळ घालावाच लागतो.

भरती थांबली तरी निवृत्ती थांबत नाही, आणि सारी गोम इथे आहे. राज्य शासनात गट अ, ब व क चे निवृत्तीचे वय ५८ आहे, गट ड चे ६०. माणूस सरासरी तीस वर्षे नोकरी करतो असे धरले तर दरवर्षी तिसातला एक जण बाहेर पडतो. मृत्यू, राजीनामे आणि स्वेच्छानिवृत्ती यांची भर वेगळी. आमच्या कार्यालयात दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता शाल, श्रीफळ आणि फोटो असा कार्यक्रम होई आणि पाच वाजता त्या माणसाच्या टेबलावरच्या फाइली शेजारच्या टेबलावर जात. ‘अतिरिक्त कार्यभार’ हा शब्द आदेशात फार सभ्य दिसतो. प्रत्यक्षात एका तलाठ्याकडे स्वतःच्या सजाबरोबर, म्हणजे नेमून दिलेल्या गावांबरोबर, आणखी दोन सजे येतात. सोमवार-मंगळवार एका गावात, बुधवारी दुसऱ्या, गुरुवारी तहसील कार्यालयात बैठक, आणि उरलेल्या दिवशी तो नेमका कुठे आहे हे कोतवालाला विचारावे लागते. वारसाच्या नोंदीचा फेरफार महिनोन्‌महिने प्रलंबित राहतो, पीक कर्जासाठी सातबाऱ्यावर ती नोंद हवी असते आणि शेतकरी तालुक्याला खेपा घालत राहतो. भरतीबंदीची किंमत कोणाच्या खिशातून जाते, हे वित्त विभागाच्या तक्त्यात दिसत नाही. ती तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर बसलेल्या माणसांकडे पाहून कळते.

आता बंदी शिथिल झाल्यावर काय होते ते पाहू. सरकारने ‘भरती करा’ म्हटले आणि महिनाभरात जाहिरात निघाली, असे होत नाही. कार्यालयाला आधी रिक्त पदांची माहिती काढावी लागते, मग बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, मग कोणत्या प्रवर्गाची किती पदे भरायची हे सांगणारे मागणीपत्र जाते. बिंदुनामावली म्हणजे संवर्गातल्या प्रत्येक पदाला एक बिंदू आणि प्रत्येक बिंदूला एक आरक्षण प्रवर्ग असे लिहिलेली नोंदवही. आमच्याकडे ती लांबलचक, जाड पुठ्ठ्याची होती. कोण कधी लागला, कोणत्या बिंदूवर लागला, कधी निवृत्त झाला, कोणाची आंतरजिल्हा बदली झाली, कोणाचे जातप्रमाणपत्र अवैध ठरले, हे सर्व त्यात. ती घेऊन विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षात जायचे आणि प्रमाणित करून आणायची. एका वेळी आमच्या नोंदवहीत वीस वर्षांपूर्वी लागलेल्या एका लिपिकाची नोंद चुकीच्या बिंदूवर निघाली. तो बिंदू सरकला म्हणून पुढचे सगळे बिंदू सरकले, आणि पुन्हा पहिल्या पानापासून लेखन करून घेऊन यायला दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत वर्तमानपत्रांत ‘प्रशासनाच्या उदासीनतेमुळे भरती रखडली’ अशी बातमी छापून आली. मला राग आला होता, पण बातमी पूर्ण खोटी नव्हती. मूळ चूक आमच्याच पूर्वसुरींची होती.

त्यात या विशिष्ट काळात आरक्षणाचे कायदेच हलत होते. मराठा समाजासाठीचा १६ टक्क्यांचा कायदा नोव्हेंबर २०१८ चा; जून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो मान्य केला, पण नोकऱ्यांतील प्रमाण १३ टक्के ठरवले; ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली आणि ५ मे २०२१ रोजी तो रद्दच झाला. दर वेळी बिंदुनामावली नव्याने मांडायची, मागणीपत्रातील प्रवर्गनिहाय आकडे बदलायचे, ज्यांची निवड झाली पण नियुक्ती झाली नाही त्यांचे काय करायचे याचे मार्गदर्शन मागवायचे. म्हणजे पैशाची अडचण संपली त्या सुमारास कायद्याची अडचण उभी होती. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा आला आणि हेच चक्र पुन्हा फिरले. कायदा योग्य की अयोग्य याबद्दल इथे माझे काही म्हणणे नाही. भरतीचा कालावधी त्याने किती लांबतो, एवढेच सांगतो.

उमेदवारांचा संयम या सगळ्यात सुटला नसता तरच नवल. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली तेव्हा पुण्यात नवी पेठेच्या रस्त्यावर मुले उतरली आणि परीक्षा आठवड्याभरात, २१ मार्चला, घ्यावी लागली. त्याच वर्षी जूनअखेर पुण्यातल्या एका उमेदवाराने आत्महत्या केली. तो पूर्व व मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहत होता. त्यानंतर जुलैमध्ये लोकसेवा आयोगामार्फत भरायच्या १५,५११ पदांना वित्त विभागाची मान्यता असल्याचे सरकारने जाहीर केले. ही पदे त्या महिन्यात निर्माण झाली नव्हती, ती आधीपासून रिकामीच होती.

मोठी भरती आली ती ७५ हजारांच्या घोषणेतून, स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाच्या निमित्ताने. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या शासन निर्णयातली मेख पुष्कळांच्या नजरेतून सुटली. ज्या विभागांचा सुधारित आकृतिबंध मंजूर झाला होता त्यांना सरळसेवेची, म्हणजे बढतीने नव्हे तर थेट भरतीने भरायची, रिक्त पदे १०० टक्के भरायला मुभा मिळाली; ज्यांचा झाला नव्हता त्यांना ८० टक्केच. वाहनचालक आणि गट ड यांतून वगळलेले होते. आकृतिबंध म्हणजे एखाद्या कार्यालयाला कोणत्या दर्जाची किती पदे लागतात याचा मंजूर आराखडा. तो मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सचिव समितीसमोर जातो, आणि माझ्या अनुभवात तिथून तो वाढून परत येताना क्वचितच दिसला. शिपाई, नाईक, टंकलेखक अशी पदे निरसित होतात, त्यांच्या बदल्यात थोडी तांत्रिक पदे मिळतात आणि एकूण संख्या घटते. म्हणून सुधारित आकृतिबंध करून १०० टक्के भरण्याची मुभा मिळवली, तरी ते १०० टक्के आधीपेक्षा लहान आकड्याचे असू शकतात. जाहिरातीच्या आकड्यापेक्षा मी नेहमी मंजूर पदांचा आकडा आधी पाहतो, तो याचमुळे.

परीक्षा कोणी घ्यायची हा आणखी एक अडसर होता. भरतीच्या ऑनलाइन परीक्षांसाठीचे सरकारचे महापरीक्षा पोर्टल २०२० च्या सुरुवातीला बंद झाले. त्यानंतर बाहेरच्या संस्थांकडे काम दिले, तर २०२१ च्या शेवटच्या तिमाहीत आरोग्य विभागाच्या परीक्षेचे पेपर फुटले आणि म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलावी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये टीसीएस आणि आयबीपीएस या दोन संस्थांमार्फत ऑनलाइन परीक्षा घेण्याचे ठरले, आणि खुल्या प्रवर्गाला १,००० व मागास प्रवर्गांना ९०० रुपये शुल्क आले. जिल्हा परिषदांची कथा याहून दुःखद आहे. मार्च २०१९ मध्ये १३,५२१ पदांसाठी अर्ज मागवले, ती परीक्षा कधी झालीच नाही, अखेर ती प्रक्रिया रद्द करून शुल्क परत देण्याची वेळ आली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांची नवी जाहिरात निघाली. म्हणजे २०१९ मध्ये अर्ज भरलेल्या मुलीने चार वर्षांनी तोच अर्ज पुन्हा भरला. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: ती रखडण्याची सुरुवात करोनाच्या आधीची आहे. सगळे खापर मंदीवर फोडता येत नाही.

आता ७५ हजारांचा हिशेब. राज्य शासन आणि जिल्हा परिषदा मिळून मंजूर पदे सात लाखांच्या वर आहेत, आणि त्या काळात त्यांतली साधारण एक तृतीयांश रिक्त होती. म्हणजे प्रत्यक्ष कामावर पावणेपाच लाखांच्या आसपास माणसे. तिसातला एक या मापाने वर्षाला सोळा हजार निवृत्त होतात. भरती थांबलेल्या आणि रखडलेल्या तीन वर्षांत अंदाजे अठ्ठेचाळीस हजार माणसे गेली. भरती प्रत्यक्ष पार पडायला आणखी दीड-दोन वर्षे लागली; त्या काळातले पंचवीस-तीस हजार त्यांत मिळवा. बेरीज ७५ हजारांच्या जवळ येते. हा माझा अंदाजी हिशेब आहे, पण त्याचा अर्थ बदलत नाही: ती भरती पूर्ण झाली असे धरले तरी करोनाच्या आधी जिथे होतो तिथे आपण कसेबसे पोहोचतो, आणि त्या आधीही रिक्त पदे होतीच. २०१८ मध्ये ७२ हजार पदांच्या महाभरतीची घोषणा झाली होती, हेही आठवून पाहावे. चार वर्षांनी ७५ हजारांची घोषणा होते तेव्हा त्यांतली बरीचशी तीच खुर्ची असते.

शिवाय निवड झाली म्हणजे माणूस रुजू झाला असे नाही. एकच हुशार मुलगा तलाठी, ग्रामसेवक, लिपिक आणि पोलीस शिपाई अशा चार निवड याद्यांत असतो आणि एकाच ठिकाणी जातो. बाकीच्या तीन जागा प्रतीक्षा यादीतून भरायच्या, आणि तिची मुदत साधारण वर्षाची. यादी बाहेर काढायला, कागदपत्र पडताळणीला आणि चारित्र्य पडताळणीला त्यातलेच महिने जातात. काही जागा त्यामुळे पुन्हा रिकाम्याच राहतात आणि पुढच्या घोषणेत मोजल्या जातात.

या दरम्यान कंत्राटी मनुष्यबळाचा मार्ग वाढला. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ संस्थांमार्फत बाह्यस्रोतातून कर्मचारी घेण्याची व्यवस्था केली होती. विरोध इतका झाला की ऑक्टोबरमध्येच तो रद्द करावा लागला. पण निर्णय रद्द झाल्याने कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर कार्यालयातून गेले नाहीत, ते त्याआधीही होते आणि नंतरही राहिले. रोजगार मोजायचा तर त्यांनाही मोजावे लागेल, मात्र नियमित पदाशी त्यांची बरोबरी करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तलाठ्याची वेतनश्रेणी २५,५०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. तो पगार तालुक्याच्या बाजारात खर्च होतो, त्यावर बँक गृहकर्ज देते. महिनोन्‌महिने मानधन थकणाऱ्या कंत्राटी मुलाला तीच बँक दारात उभी करत नाही.

रोजगारवाढीच्या दृष्टीने भरतीचा एक उलटा परिणामही होतो, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाख ४१ हजारांवर अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे सव्वादोनशेच्या आसपास. अर्जामागे किमान ९०० रुपये धरले तरी शुल्काची रक्कम नव्वद कोटींच्या पुढे जाते. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज होते. या मुलांमधली पुष्कळशी तीन-चार वर्षे अभ्यासिकेत बसून काढतात. जाहिरात केव्हा येईल याची खात्री नसल्याने दुसरे काम हाती घेत नाहीत. भरती दरवर्षी ठरल्या महिन्यात, थोड्या का होईना जागांसाठी झाली असती तर न निवडलेला मुलगा दुसऱ्या वर्षी शहाणा होऊन दुसऱ्या वाटेला लागला असता. पाच वर्षे काहीच नाही आणि मग एकदम पाऊणलाख, या पद्धतीने सगळेच थांबून राहतात. मला विचाराल तर भरतीबंदीचे सर्वांत मोठे नुकसान रिकाम्या खुर्च्यांपेक्षा या थांबून राहिलेल्या वर्षांत आहे.

आता पुतण्याविषयी. खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ आहे. ३ मार्च २०२३ च्या निर्णयाने दोन वर्षांची सवलत मिळाली होती, पण ती ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतच्या जाहिरातींपुरतीच होती. अशी सवलत पुन्हा मिळेल हे गृहीत धरून वर्ष घालवू नये. तो खुल्या प्रवर्गात असेल तर त्याच्या हाती एखादी मोठी जाहिरात आहे असे समजून चालावे, आणि त्याच वेळी उत्पन्नाचे काहीतरी काम सुरू ठेवावे. अनुसूचित जाती-जमाती सोडून अन्य मागास प्रवर्गात असेल तर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या दाखल्याची, तारीख आजच पाहून ठेवावी. माझ्या शेवटच्या कागदपत्र पडताळणीत एकोणचाळीस वर्षांचा एक उमेदवार आला होता. गुण उत्तम, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे दाखले क्रमाने लावलेले, दहावीच्या सनदेपासून अधिवासापर्यंत. फक्त नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र जाहिरातीत दिलेल्या अंतिम दिनांकानंतर नऊ दिवसांनी काढलेले होते. ते ग्राह्य धरले नाही, तर तो खुल्या प्रवर्गात जात होता आणि तिथे वयात बसत नव्हता. मी फाइलवर अपात्रतेची टिपणी लिहिली, कारण दुसरे काही लिहिता येत नव्हते. तो फोल्डर नीट बंद करून, आभार मानून गेला.